सहा इंची लवचिकता

बँकेतून निवृत्त झाल्याला आता काही वर्षं झाली, पण एक खोड सुटलेली नाही. कुठलंही बिल हाती आलं की मी एकूण रक्कम आधी बघत नाही. खालून वर वाचत जाते आणि सगळ्यात लहान आकड्यापाशी थांबते. कर्जाच्या प्रस्तावांनी लावलेली ही सवय. मोठे आकडे अर्जदाराने चार जणांना विचारून, घासाघीस करून घातलेले असतात. ज्याचा त्याने विचारच केलेला नसतो, ते खाली 'किरकोळ' म्हणून पडलेलं असतं. लेथ चार लाखांचा आणि त्याचा पाया, वायरिंग, अर्थिंग मिळून 'किरकोळ' असलं, की हा लेथ फार दिवस सरळ कापणार नाही हे लेथमधलं ओ की ठो न कळताही मला कळत असे.

ही सवय मी एकदा मोडली, आणि तेही घरच्याच माणसासाठी.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. मुलगा सालस, पण गाडी म्हटलं की त्याच्या अंगात येतं. त्याने एक वापरलेली पोलो जीटी टीएसआय घेतली. ही पोलो आपल्या चाकणला बनायची. २०२२ मध्ये ती भारतात बंद झाली. जीटी टीएसआय हा तिचा २०१३ साली आलेला तिखट अवतार. इंजिन अवघं १२०० सीसीचं, पण टर्बोमुळे १०५ अश्वशक्तीचं. बाहेरून बघाल तर शेजारच्या काकांची भाजी आणायची गाडी वाटेल. भाच्याचं म्हणणं, हीच तर तिची गंमत. त्या गंमतीत त्याने आणखी भर घातली. इंजिनच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून घेतला. टर्बोपासून खाली येणारा पाईप मोठ्या व्यासाचा बसवला आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला. मागे दोन तोंडांचा चकचकीत सायलेन्सर आला. वाढदिवसाची भेट म्हणून त्यातली निम्मी रक्कम मी दिली. त्याने बिल दाखवलं, तेव्हा मी एकूण आकडा बघितला, 'अरे बापरे' म्हटलं आणि चेक लिहिला. त्या बिलाची शेवटची ओळ होती : 'फ्लेक्स - ९०० रु.'

जुलै २०२२ मध्ये आम्ही त्या गाडीतून कोल्हापूरला निघालो. थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, तिथे असते. भाचा, त्याची बायको, चार वर्षांची नात आणि मी. आषाढातला पाऊस म्हणजे तुम्हाला सांगायला नकोच. काचा बंद, आत बाष्प धरू नये म्हणून बाहेरची हवा घेणारा पंखा चालू. खंबाटकीचा घाट चढताना वर कुठे तरी ट्रक बंद पडला आणि आम्ही दीड तास मुंगीच्या पावलांनी सरकत राहिलो. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की पायांखालून फुर्र फुर्र असा आवाज यायचा. भाचा म्हणाला, "मावशी, आवाज कसा मोकळा झालाय बघ." धुराचा थोडा वास येत होता, पण पुढेमागे सगळे ट्रकच. सूनबाईंना मळमळायला लागलं, तेव्हा 'घाट लागला' असं म्हणून आम्ही आल्याची वडी दिली. नात म्हणाली, "आजी, डोकं दुखतंय," आणि झोपली. माझंही डोकं जड झालं होतं. ते मी वयावर ढकललं.

घाट उतरल्यावर चहाला थांबलो. मोकळ्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत माझं डोकं हलकं झालं, आणि त्या हलकं होण्यानेच मी दचकले. आपल्याकडे दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या बातम्या येतात. माझ्या एका कादंबरीसाठी मी त्यातल्या बऱ्याच वाचून ठेवल्या होत्या. नातीला हलवलं तर ती उठेना. उठली, पण डोळे उघडून पुन्हा मिटायला लागली. साताऱ्यात डॉक्टरांकडे नेईपर्यंत चारही काचा खाली होत्या आणि आम्ही सगळे चिंब भिजलो होतो. डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावून काही तास ठेवून घेतलं. संध्याकाळी तिने बिस्किट मागितलं, तेव्हा भाचा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुढे आम्ही एसटीने गेलो आणि तो एकटा काचा उघड्या ठेवून गाडी घेऊन आला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून थोडाही पुरतो. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हाच वायू जाळून त्यातला बराचसा निरुपद्रवी करतो. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला, तेव्हा आमच्या शाखेत 'गाडी महागली' म्हणून कुरकुरणारे वाहनकर्जदार मला आठवतात. तोच कन्व्हर्टर आम्ही पैसे मोजून काढून टाकला होता, आणि नंतर वाटेत भोक ठेवलं होतं.

भोक कुठे होतं ते सांगितलं शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी. हे माझे जुने कर्जदार. १९९६ साली मी कोल्हापूर शाखेत असताना त्यांना आर्गन वेल्डिंगच्या सेटसाठी कर्ज मंजूर केलं होतं. त्या वेळी ते ऑइल इंजिनचे सुटे भाग करत. आता त्यांचा मुलगा हौशी पोरांच्या गाड्यांचे पाईप वळवून देतो. कोल्हापूरला इंजिनचं वेड जुनंच आहे, त्यात नवल नाही. मिस्त्रींनी गाडी थंड होऊ दिली, उघड्या अंगणात सुरू केली, मागच्या तोंडाशी ओला फडका धरला आणि मुलाला खड्ड्यात उतरवून साबणाचं पाणी मारायला सांगितलं. समोरच्या पाईपमध्ये स्टीलच्या तारांची वेणी असलेला एक नळकांडीवजा तुकडा होता. त्याच्या टोकाच्या कड्यापाशी बुडबुडे फुटायला लागले.

"मॅडम, हे बघा की," मिस्त्री म्हणाले. "मागं बँडबाजा लावलाय आणि पोटात आतडं फाटलंय."

हा जो नऊशे रुपयांचा तुकडा, त्याला गॅरेजात फ्लेक्स म्हणतात, कोणी जाळीचा पाईप म्हणतात. तो असतो तरी कशाला? या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि ओढ पुढच्या चाकांना आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर टेकलेलं असतं. मेकॅनिक त्यालाच फाउंडेशन म्हणतात. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटरला झटका दिला की ते मागेपुढे झुलतं. मी बॉनेट उघडून, बाजूला उभी राहून बघितलं, चांगलं दिसतं. रस्त्यावर चाकांना जोर लागतो तेव्हा ते याहून जास्त झुलतं. इंजिनला जोडलेला धुराचा पाईप मात्र मागे गाडीच्या अंगाला हँगरवर लटकवलेला. एक टोक झुलणार, दुसरं टोक जागचं हलणार नाही. शिवाय तापला की पाईप लांबीला वाढतो. लग्नात दोन्ही घरचं ऐकून घेणारा एक मध्यस्थ लागतो, तसा इथे हा तुकडा. दोन्हीकडचं सगळं त्याच्या अंगावर येतं आणि मोडला तर बोल त्यालाच.

आत तो तीन पदरी असतो. मधला पदर म्हणजे पेटीच्या भात्यासारखा चुण्यांचा पातळ पोलादी नळा. धूर अडवतो तो हाच. बाहेरची तारांची वेणी त्याला दगडधोंड्यांपासून वाचवते आणि फार ताणू देत नाही. सगळ्यात आत असतं ते अस्तर, आणि निवड करताना फसगत होते ती इथे, कारण ते दुकानात वरून दिसत नाही. स्वस्त तुकड्यात अस्तर नसतं किंवा नुसती तारेची जाळी असते. चांगल्यात इंटरलॉक असतं. टेबललॅम्पची ती वळणारी मान असते ना, पत्र्याची पट्टी एकात एक अडकवून केलेली, तसं. टर्बोमागून येणारा धूर शेकडो अंशांचा असतो. तो थेट चुण्यांवर आदळला तर पातळ पत्रा लवकर खलास होतो आणि चुण्यांत घुटमळल्याने वाटही खरबरीत होते. जाळीचं अस्तर सुटलं तर तारांचा पुंजका पुढे जाऊन अडकतो. म्हणून टर्बोच्या गाडीला, त्यातही जोर वाढवलेल्या गाडीला, इंटरलॉकच घ्यावं. यात काटकसर करण्याजोगं मला काही दिसत नाही.

आता धातू. आमच्या मिस्त्रींच्या खिशात चुंबक असतो. स्टेनलेस म्हणून विकलेला तुकडा चुंबकाला घट्ट चिकटला की ते भुवई उंचावतात. पण मुलाने त्यांना अडवलं आणि ते बरोबरच होतं. ४०९ जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, आणि कंपन्या स्वतःच सायलेन्सरसाठी ते वापरतात. उलट ३०४ जातीचं चिकटत नाही, पण वाकवून-दाबून घडवल्यावर थोडं चिकटू लागतं. तेव्हा चुंबक हा संशय घ्यायला ठीक, निकाल द्यायला नाही. विचारायचं ते असं : भाता कुठल्या जातीचा? वेणीची जात सांगून गप्प बसणारे दुकानदार असतात. साध्या वापराला ३०४ चालतं. सतत लाल होणाऱ्या जागी ३२१ बरं, कारण त्यात टायटॅनियम असल्याने दीर्घकाळच्या तापात ते अधिक टिकतं. रेसच्या गाड्यांत इनकोनेल नावाचा याहून महाग मिश्रधातू येतो. आपल्याला त्याची गरज नाही, पण तो सुचवणारा विक्रेता भेटतोच.

मापाची गोष्ट तर कापडाच्या पन्ह्यासारखी आहे. फ्लेक्सचं माप आतल्या व्यासावरून सांगायचं असतं. भाच्याचा नवा पाईप अडीच इंची, म्हणजे साधारण ६३ मिलिमीटर. फ्लेक्स बाहेरून वेणीसकट तेवढाच दिसत होता. अस्तरातून मोजल्यावर दोन इंचही भरला नाही. म्हणजे पुढे-मागे हमरस्ता आणि मध्ये बोळ. टर्बोनंतरची वाट जितकी मोकळी तितकं टर्बोचं काम सोपं, म्हणून तर एवढा खर्च केला होता. तो या बोळात अडकला. इथे गाडीप्रेमी मंडळी 'बॅक प्रेशर पाहिजेच' असं काहीबाही सांगतात. टर्बो नसलेल्या इंजिनात पाईप फार मोठा केला तर धुराचा वेग मंदावून तोटा होतो, त्याचं हे अपभ्रंश झालेलं शहाणपण. टर्बोमागे धूर कोंडून फायदा होत नाही.

लांबीत दोन फसवणुकी आहेत. एक, सांगितलेली लांबी लवचीक भागाची की दोन्हीकडच्या नळ्यांसकट, हे विचारावं लागतं. दुसरी आपण स्वतःची करतो : आखूड घेतो. चार इंची स्वस्त पडतो आणि बसवायला सोपा. पण इंजिनचं झुलणं तेवढंच राहतं. ते सहा इंचांत वाटून घेण्याऐवजी चार इंचांत घ्यावं लागलं तर प्रत्येक चुणी जास्त वाकते आणि लवकर थकते. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो ना आपण, तसंच हे. फार लांब घेतला तर तो ओघळतो आणि थरथरतो, तेही वाईट. या गाडीला मिस्त्रींनी सहा इंच लवचीक भाग ठरवला, तो झुलणं बघून, जागा मोजून. यादीत बघून नव्हे.

आणि तरीही, नुसता तुकडा चांगला आणून भागलं नसतं. मला सगळ्यात राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्या पुण्याच्या गॅरेजात नवा पाईप नीट जुळला नव्हता. दोन टोकांत जवळजवळ इंचभराचा फरक राहिला होता. तो फरक त्यांनी फ्लेक्स वाकवून भरून काढला. म्हणजे गाडी उभी असतानाच बिचाऱ्याची निम्मी लवचिकता खर्ची पडलेली. वर थोडा पीळही बसला होता, आणि भात्याला वाकणं, ताणणं सोसतं, पीळ सोसत नाही. पुढे त्याच्या जवळ हँगर नव्हता, म्हणून पाईपचं वजन तोच पेलत होता. वेल्डिंग टोकाच्या कड्यावर करायचं ते तारांच्या वेणीवर ओघळलं होतं, आणि फाटला तो नेमका तिथूनच. शेवटी मिस्त्रींनी पहार घेऊन इंजिन हळूच हलवलं, तर खालचं फाउंडेशनचं रबर चिरलेलं. इंजिन हवं त्याहून दुप्पट झुलत होतं. "ह्यो नवा फ्लेक्स घातला असता तरी वर्षात गेला असता," मुलगा म्हणाला. फ्लेक्स दुसऱ्यांदा फाटला तर तिसरा आणण्याआधी फाउंडेशन बघावं, हे मी त्या दिवशी शिकले.

भाच्याने विचारलं, "मग फ्लेक्स काढून सरळ पाईपच लावला तर? रेसवाले तर तसंच करतात." मिस्त्री हसले. रेसच्या पुष्कळ गाड्यांत इंजिन जवळजवळ घट्ट बांधलेलं असतं. तिथे एका पाईपात दुसरा सरकवून स्प्रिंगने धरलेले सांधेही असतात. ते थोडे गळतात, आणि अर्ध्या तासाच्या शर्यतीत, हेल्मेट घालून बसलेल्या एकट्या माणसाला ते चालतं. मागच्या सीटवर मूल झोपलेल्या गाडीला ते चालत नाही. सरळ पाईप लावला तर झुलण्याचा सगळा ताण टर्बोच्या तोंडाशी जातो आणि तिथला सांधा किंवा पाईपच तडकतो. एका तुकड्याचे पैसे वाचवून टर्बोशी खेळायचं.

मिस्त्रींनी फाउंडेशन आधी बदललं. मग इंजिन आपल्या वजनाने नीट बसू दिलं, पाईप कापून सरळ जुळवला, फ्लेक्स मोकळा, न ताणता न पिळता मध्ये धरला आणि गाडीवरच दोन-दोन टाके मारले. त्याआधी बॅटरीची तार सोडायला ते विसरले नाहीत. नंतर सगळं खाली उतरवून, वेणीवर ओलं फडकं गुंडाळून, कड्यावर आर्गनने गोल वेल्डिंग. फ्लेक्सच्या मागे जवळच एक नवा हँगर. खर्च किती आला म्हणाल? फ्लेक्स चार हजार आठशे, बाकीचं धरून बारा हजारांच्या आत. मागच्या दोन तोंडांच्या बाजाला याच्या तिप्पट गेले होते.

आता माझं मत. ते भाच्याला आवडलं नाही आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींनाही आवडणार नाही.

मैत्रिणी म्हणतात, या मुलांचे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घाला. काही शहरांत पोलिसांनी तसं केल्याची छायाचित्रं आपण बघितली आहेत. आवाजाबद्दल मी त्यांच्या बाजूची आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या १९० कलमाखाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आणि तुरुंगवासही आहे. ५२ कलमाने नोंदणीतल्या मूळ घडणीशी खेळायलाच बंदी आहे. कन्व्हर्टर काढणं यातल्या कशातच बसत नाही, आणि माझ्या घरात तर आता मुळीच नाही. तो परत बसला, प्रोग्रॅमही त्याच्याजोगता परत फिरवला. हे सगळं आधीच करायला हवं होतं आणि त्याला मीही जबाबदार आहे.

पण हौसच वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या एका काकांनी येझदीच्या दोन्ही सायलेन्सरमधले बॅफल काढून अख्खी गल्ली उठवली होती, आणि तेच पुढे उत्तम फिटर झाले. गाडी कशी चालते याची उत्सुकता असलेला मुलगा, नुसतं ईएमआय भरून गाडी वापरणाऱ्यापेक्षा मला बरा वाटतो. माझा आक्षेप आहे तो पैसा कुठे जातो याला. हौसेचा सगळा पैसा गाडीच्या दोन टोकांना जातो, पुढे संगणकाला आणि मागे चकचकीत तोंडांना, कारण एकाचे आकडे सांगता येतात आणि दुसऱ्याचा आवाज ऐकवता येतो. मधल्या सहा इंचांबद्दल कोणी कोणाला काही सांगत नाही. ते चांगले असतील तर ऐकूही येत नाहीत. माझ्या मते गाडी वेगवान करून घेणाऱ्याने खर्चाची सुरुवात इथून करावी : फाउंडेशन, हँगर, फ्लेक्स. एवढं झाल्यावर पैसे उरले नाहीत तर गाडी आहे तशी बरी.

गॅरेजवाल्यांकडूनही एक मागावं. बिलात 'फ्लेक्स' एवढंच लिहू नये. आतला व्यास, लवचीक भागाची लांबी, अस्तर कुठलं, भात्याची जात, असं लिहून द्यावं. कापड दुकानदार टेरिकॉट की सुती ते लिहितो. मग ज्याच्यावर घरादाराचा श्वास अवलंबून आहे त्याला एक ओळ जास्त लिहिण्याचा कंटाळा का? 'पीयूसी आहे ना' या उत्तरावर विसंबू नये. त्या प्रवासाच्या दिवशी आमच्या गाडीचं पीयूसी मुदतीत होतं. तपासणीची नळी मागच्या तोंडात घालतात. वाटेत काय गळतंय ते तिला दिसायचं काही कारण नाही. आणि मधूनमधून कान द्यावा. थंड इंजिन सुरू करताना पायांखाली टकटक किंवा फुर्र होऊन तापल्यावर ते कमी झालं, तर त्याला मोकळा आवाज म्हणू नये. तापून फुगलेल्या धातूने फट झाकलेली असते. पेट्रोल एकाएकी जास्त लागायला लागलं तरी शंका घ्यावी. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी ओततो.

भाच्याला माझ्या मताचा शेवटचा भाग खटकतो. तो म्हणतो, "मावशी, तू बँकेतली. तुला सगळ्यात तारण दिसतं. वेगात मजा असते, ती कुठे लिहायची?" मी त्याला म्हटलं, ती लिहू नकोस, घे. फक्त चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला नाही तर कोइम्बतूरला करीच्या ट्रॅकवर जाऊन घे. गेला तो एकदा कोइम्बतूरला, दोन दिवस. परत आला तेव्हा फ्लेक्सबद्दल एक शब्द नाही, ब्रेकबद्दलच बोलत होता. उतारावर नाही, पण वळणाआधी पुन्हा पुन्हा दाबले की पेडल मऊ पडतं म्हणे.

गेल्या दिवाळीत तो आला, तेव्हा मी खाली जाऊन त्याला गाडी खड्ड्यावर घ्यायला लावली. आमच्या कॉलनीतल्या गॅरेजातला पोऱ्या माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता, हसू दे. टॉर्च मारला. वेणी उन्हात राहिलेल्या गवताच्या रंगाची झाली होती, एकही तार सुटलेली नव्हती, कड्याभोवती काजळीचा डाग नव्हता. नात वरून डोकावून विचारत होती, "आजी, काय शोधतेस?"

वर आल्यावर भाच्याने ब्रेकच्या कामाचं कोटेशन पुढे केलं. डिस्क, पॅड, स्टीलच्या होज, मजुरी. मी चष्मा लावला आणि खालून सुरुवात केली. शेवटची ओळ होती : 'ब्रेक ऑइल, डॉट ४, सीलबंद, १ लिटर.' त्याच्यापुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'उघडलेला डबा चालणार नाही.'